पहिली गाडी येईपर्यंत

१९८०च्या दशकाच्या शेवटी नवऱ्याच्या मागोमाग लॉस एंजेलिसला आलेल्या आम्ही बायका आता साठी-पासष्टी ओलांडून बसलो आहोत. गणपतीत किंवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भेटलो की बोलणं हटकून दोन गोष्टींवर येतं. एक गुडघे आणि दुसरी बस. गुडघ्यांचं रडगाणं जगभर सारखंच. बसचं मात्र आमच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. ‘आई, तू एलेमध्ये बसनं फिरायचीस?’ हे ती ज्या सुरात विचारतात, त्याच सुरात आम्ही आजीला ‘तू खरंच विहिरीवरून पाणी आणायचीस?’ असं विचारत असू.

आमच्या पिढीचा कालक्रम सोपा आहे. गाडी यायच्या आधीचा काळ आणि गाडी आल्यानंतरचा. कुठल्याही आठवणीची तारीख लावायची असली की आम्ही तेच विचारतो. ‘थोरल्याचं बारसं झालं तेव्हा तुमच्याकडे गाडी होती का गं?’ ‘नाही, बसनंच आलो होतो. पाळणा तुझ्या शेजारणीचा.’ झालं, साल सापडलं.

आमच्यापैकी बऱ्याच जणींचं पहिलं घर पाम्समध्ये होतं. व्हेनिस बुलेवारच्या उत्तरेला दुमजली-तिमजली अपार्टमेंटांची दाटी, भाडं त्यातल्या त्यात परवडणारं, आणि यूसीएलएला जायला सांता मोनिकाची निळी बस. नवरे त्या बसनं विद्यापीठात जात. आम्ही मागे राहत असू ते डिपेंडंट व्हिसा घेऊन. नोकरी करायची परवानगी नाही, हातात एम.एस्सी.ची नाहीतर बी.कॉम.ची पदवी, आणि भांडी घासून झाली की समोर अख्खा दिवस. टीव्हीवर ‘प्राइस इज राइट’ किती दिवस बघणार? दादर-गिरगावच्या मुलींना बेस्टची सवय होती, पुण्याच्या आणि नागपूरच्या मुली सायकल आणि लूनावर वाढलेल्या. घरी बसायची सवय कुणालाच नव्हती. मग एक दिवस कुणीतरी धीर करून कोपऱ्यावरच्या थांब्यावर जाऊन उभी राही, आणि तिनं परत येऊन सांगितलं की उरलेल्या सगळ्या निघत.

तेव्हा बस चालवायची आर.टी.डी., म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया रॅपिड ट्रान्झिट डिस्ट्रिक्ट. १९९३मध्ये ती दुसऱ्या एका संस्थेत विलीन होऊन आजची मेट्रो झाली, पण आमच्या तोंडी आर.टी.डी.च राहिलं. १९८८मध्ये भाडं १ डॉलर १० सेंट झालं होतं. आमच्या आधी आलेल्या वहिन्या मोठ्या रुबाबात सांगायच्या, ‘आमच्या वेळी पन्नास सेंट होते हो!’ ते खरंच होतं. १९८०मध्ये लोकांनी मतदान करून अर्धा टक्का विक्रीकर वाहतुकीसाठी लावून घेतला आणि त्यातून १९८२ ते १९८५ अशी तीन वर्षं बसचं भाडं पन्नास सेंटांवर आणून ठेवलं. गर्दी इतकी वाढली की १९८५मध्ये वर्षाला जवळपास ५० कोटी वेळा लोक आर.टी.डी.च्या बसमध्ये चढले. गाड्यांचं शहर म्हणून जगभर नाव असलेल्या गावातली ही गोष्ट आहे. भाडं वाढलं तशी गर्दी ओसरली, आणि आम्ही आलो तेव्हा वहिन्यांच्या गप्पांत तेवढा तो स्वस्ताईचा काळ उरला होता.

बसमध्ये कंडक्टर नाही याचा धक्का मुंबईकरणींना जास्त बसला. भांडायचं कुणाशी? दारातच ड्रायव्हरशेजारी काचेची पेटी. त्यात बरोबर पैसे टाकायचे, सुटे परत मिळणार नाहीत. डॉलरची नोट उभी घडी घालून, कडक करून आत सरकवायची, ओली किंवा चुरगळलेली असली तर ती अडकायची आणि मागची रांग उसासे टाकायची. म्हणून आदल्या रात्री नोटा उशीखाली ठेवणाऱ्या मैत्रिणी मला माहीत आहेत. एकीनं तर त्यांना इस्त्री केली होती. पुढे बस बदलायची असली तर चढतानाच थोडे जादा पैसे देऊन कागदाची पट्टी मागून घ्यायची, तिला ट्रान्सफर म्हणत. उतरायचं आलं की खिडकीवरची दोरी ओढायची. मागचं दार उघडलं नाही तर सगळी बस एका आवाजात ‘बॅक डोर!’ म्हणून ओरडायची. हे ओरडणं जमलं त्या दिवशी आपण इथल्या झालो असं वाटायचं.

माझी बस ३३ नंबरची. व्हेनिसच्या समुद्राकडून निघून व्हेनिस बुलेवारनं सरळ पूर्वेला डाउनटाउनपर्यंत जाणारी. ला सिएनेगा, फेअरफॅक्स, क्रेनशॉ, वेस्टर्न, व्हरमाँट, फिगरोआ. हे रस्ते मी नकाशावर कधी पाठ केले नाहीत, ते खिडकीतून पाठ झाले. दर चार-पाच चौकांनी पाट्यांची भाषा बदलायची. इंग्रजी संपून स्पॅनिश, मधेच कोरियन, पुन्हा स्पॅनिश. बसमधली माणसंही तशीच बदलत. सकाळी पश्चिमेकडे जाणाऱ्या बसमध्ये श्रीमंतांच्या घरी कामाला निघालेल्या बायका असत. पूर्वेकडच्या बसमध्ये डाउनटाउनच्या शिवणकामाच्या कारखान्यांत जाणाऱ्या. त्यातल्या एकीनं एकदा माझ्या शेजारी बसल्या बसल्या, काही न विचारता, माझ्या कुडत्याची बाही हातात घेतली, उलटी केली आणि आतली शिवण पाहिली. पुण्याच्या शिंप्याचं काम. तिनं अंगठा आणि तर्जनी जुळवून ‘फार छान’ अशी खूण केली, मग स्वतःच्या ब्लाउजची कॉलर उलटवून मला तिची शिवण दाखवली. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला स्पॅनिश. क्रेनशॉपासून फिगरोआपर्यंत आम्ही दोघी शिवणीच बघत होतो. त्या बसमधल्या बायकांकडूनच आम्ही ‘क्वांतो’ शिकलो, ‘पेर्मिसो’ शिकलो, आणि ‘सेन्योरा’ म्हटल्यावर वळून बघायला शिकलो.

डाउनटाउनला जायचं मुख्य कारण होतं ब्रॉडवेवरचं ग्रँड सेंट्रल मार्केट. १९१७पासून चालू असलेली ही मंडई तेव्हा मुख्यतः मेक्सिकन आणि मध्य अमेरिकन गिऱ्हाइकांची होती. बाहेर ऊन आणि ट्रकांचा धूर, आत शिरलं की सुक्या मिरच्यांचा ठसका. पोत्यांतून राजमा आणि काळे घेवडे. कोथिंबिरीच्या अशा जुड्या की दोन जुड्यांत पिशवी भरावी. हिरव्या मिरच्या, लिंबं, पपया, शेंगांसकट चिंच. आणि शंकूच्या आकाराच्या तपकिरी ढेपा. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा एक ढेप मी नखानं खरवडून चाखली. गूळ! तिकडे त्याला पिलोनसियो म्हणतात. त्या वर्षीच्या होळीला पाम्समधल्या तीन बिऱ्हाडांत पुरणपोळ्या झाल्या, आणि त्या ढेपा ३३ नंबरच्या बसमधून माझ्या मांडीवर बसून आल्या होत्या. राजगिऱ्याचे लाडू तर मंडईत तयारच मिळत, ‘आलेग्रिया’ नावानं, वड्यांसारखे कापलेले. उपासाला चालतात का यावर आमच्यात बराच वाद झाला. शेवटी नागपूरच्या ताईंनी निकाल दिला की राजगिरा आणि साखर-मध यांना पासपोर्ट लागत नाही.

दुसरं ठिकाण लायब्ररी. फिफ्थ स्ट्रीटवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला १९८६मध्ये मोठी आग लागली होती, म्हणून ते काही वर्षं स्प्रिंग स्ट्रीटवरच्या तात्पुरत्या जागेत होतं. १९९३च्या ऑक्टोबरात मूळ इमारत नव्यानं उघडली. आमच्यातल्या दोघी-तिघींनी परीक्षांचा अभ्यास तिथे केला. एकीनं तिथल्याच टेबलावर बसून विद्यापीठाचे अर्ज भरले, आज ती प्राध्यापिका म्हणून निवृत्त झाली आहे. दुपारी तीनची बस पकडली की नवरा घरी यायच्या आत कुकर लागायचा. रविवारी तर बसचीही गरज नसे. वॉट्सेका अॅव्हेन्यूवरचं हरे कृष्ण मंदिर चालत जाण्याएवढं, आणि तिथली रविवारची मेजवानी फुकट. महिनाअखेरीला पाम्समधले कितीतरी मराठी विद्यार्थी अचानक वैष्णव होत.

बस जिथे जात नाही तिथलं सगळं जग ‘राइड’वर चालायचं. मालिबूच्या डोंगरातलं व्यंकटेशाचं देऊळ, आर्टेशियाच्या पायोनियर बुलेवारवरची साड्यांची आणि किराण्याची दुकानं, मंडळाचे कार्यक्रम. आर्टेशियाला डाउनटाउनला बदलून बसनं जाता यायचं, पण जाण्यायेण्यात दिवस संपायचा आणि येताना दहा किलो तांदूळ कोण उचलणार? मग गाडीवाल्या कुटुंबाला फोन करायचा. आधी पाच मिनिटं तब्येतीची चौकशी, मुलांचं कसं चाललंय, आणि मग अगदी सहज आठवल्यासारखं, ‘तुम्ही शनिवारी जाणार आहात का हो?’ राइड देणाऱ्यांचा शिरस्ता असा की त्यांना जायचं असेल तेव्हाच निघायचं, त्यांना परतायचं असेल तेव्हा परतायचं, आणि वाटेत त्यांनी लावलेली कॅसेट आवडली आहे असं म्हणायचं. नाटकाचा तिसरा अंक आमच्यापैकी कित्येकींनी पाहिलेला नाही, कारण राइडवाल्यांना पहाटे विमानतळावर जायचं असायचं. मंडळात चहाच्या वेळी दोन घोळके पडत, एक किल्ल्या हातात खुळखुळवणारा आणि एक पिशव्या धरून उभा असलेला. कोणाच्या मनात काही नसे, तरी घोळके पडत.

या गावाला रेल्वे का नाही, हा प्रश्न प्रत्येक नवख्याला पडे. उत्तर आमच्या घरामागेच पडलेलं होतं. पाम्समधून एक रेल्वेमार्ग जात होता, गंजलेला, रुळांमध्ये गवत वाढलेलं, मुलं त्यावर तोल सांभाळत चालायची. कधीकाळी त्यावरून पॅसिफिक इलेक्ट्रिकच्या गाड्या डाउनटाउन ते सांता मोनिका जात. ‘रेड कार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विजेच्या गाड्यांचं जाळं भरात असताना १,००० मैलांहून मोठं होतं. आमच्या मार्गावरची प्रवासी गाडी १९५३मध्ये बंद झाली, लाँग बीचची शेवटची १९६१मध्ये. दोन वर्षांनी शहरातल्या पिवळ्या ट्रामही गेल्या. मोटार कंपन्यांनी मुद्दाम कट करून या गाड्या मारल्या, असं बसमधली म्हातारी माणसं छातीठोकपणे सांगत. मोटार, टायर आणि तेल कंपन्यांवर १९४९मध्ये खटल्यात दोष सिद्ध झाला तो बस आणि त्यांचं सामान विकण्याच्या मक्तेदारीच्या कटाबद्दल. पण मोटारी परवडू लागल्यावर लोकांनीही भराभर रेल्वेकडे पाठ फिरवली होती, ट्राम त्याच रस्त्यांवर मोटारींच्या गर्दीत अडकत होत्या, आणि फ्रीवे बांधायला सरकारकडे पैसा होता. म्हाताऱ्यांना मात्र गोष्टीत खलनायक हवा असायचा, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही.

१९९०च्या उन्हाळ्यात माझे सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले. अण्णांनी जन्मभर बोरिवली ते चर्चगेट लोकल केली होती. आल्या आठवड्यात त्यांनी पाहणी करून निर्णय दिला, ‘एवढं मोठं गाव, पण याला दादर नाही. माणसानं गाडी बदलायची कुठे?’ मग ते बसमध्ये पुढे ठेवलेली छापील वेळापत्रकं गोळा करू लागले. प्रत्येक मार्गाचं वेगळं. ती नंबरवार लावून, रबरबँड घालून, त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. त्याच वर्षी १४ जुलैला लाँग बीचची ब्लू लाइन सुरू झाली, जुन्या रेड कारच्याच वाटेवरून, सुमारे ३५ किलोमीटर. सुरुवातीचे काही दिवस प्रवास फुकट होता. अण्णांना दुसरं काही सांगावं लागलं नाही. शेजारच्या बिऱ्हाडात आलेल्या सोलापूरच्या एका निवृत्त मास्तरांना घेऊन ते रोज लाँग बीचला जायला लागले. वॉट्स, कॉम्प्टन ही नावं ऐकून गाडीवाली मंडळी घाबरवायची. अण्णा म्हणायचे, ‘माणसं कामावर निघालेली दिसली. तिथे काय बघायचं?’ संध्याकाळी जेवताना त्यांच्याकडे सांगायला इतकं असे की दिवसभर विद्यापीठात बसून आलेला त्यांचा मुलगा गप्प ऐकत राही.

१७ जानेवारी १९९४ला पहाटे साडेचारला नॉर्थरिजचा भूकंप झाला. सांता मोनिका फ्रीवेचा पूल ला सिएनेगा आणि व्हेनिस बुलेवारपाशी कोसळला, म्हणजे आमच्या बसच्या वाटेवरच. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या रस्त्यांपैकी एक मधोमध तुटला आणि त्यावरच्या सगळ्या मोटारी खालच्या रस्त्यांवर उतरल्या. एप्रिलमध्ये, तीन महिन्यांच्या आत पूल पुन्हा बांधून झाला. दुरुस्ती लवकर उरकली म्हणून ठेकेदाराला मोठं बक्षीसही मिळालं. त्या तीन महिन्यांत गाडीवाल्या मैत्रिणींचे फोन उलट्या दिशेनं आले. ‘अगं, तुझी ती ३३ नंबरची बस कुठे मिळते?’

एव्हाना आमच्यातल्या बहुतेकींची पहिली गाडी आली होती. आणि मला ज्याबद्दल लिहायचं आहे ते हेच.

पहिली गाडी म्हणजे कुणाचीतरी वापरलेली कोरोला, सिव्हिक किंवा डॅटसन. तिला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, पेढे वाटले, भारतात फोटो पाठवला. फोटोत बॉनेटला टेकून उभे राहिलो आम्ही. चालवायचा मात्र नवरा, कारण लायसन्स त्यानं आधी काढलेलं, आणि नोकरी त्याची. गाडी आली की बिऱ्हाड हललंच पाहिजे, कारण आता ‘शाळा चांगल्या’ असलेल्या गावी राहता येणार. कोणी सेरिटोसला गेलं, कोणी व्हॅलन्सियाला, कोणी आयर्व्हाइनला. आम्ही डायमंड बारला आलो. ५७ आणि ६० हे दोन फ्रीवे जिथे मिळतात तिथलं टेकड्यांवरचं गाव, १९८९मध्ये शहर म्हणून नोंदलेलं. घर मोठं, परसात लिंबाचं झाड, शाळा नावाजलेली. सकाळी साडेसहाला नवरा गाडी घेऊन बाहेर पडला की गॅरेजचं दार खाली यायचं आणि घरातली बाई टेकडीवर उरायची. दूध संपलं तर संध्याकाळपर्यंत थांबा. लायब्ररी शनिवारी. मंडई, शिवणीवाली, बॅक डोर, सगळं संपलं. पाम्सच्या दीड खोलीत राहत असताना मला कुठेही जायला कुणालाही विचारावं लागत नव्हतं. चार खोल्यांच्या घरात आल्यावर भाजी आणायलाही विचारावं लागू लागलं.

गेल्या वर्षी हळदीकुंकवाला मी हे बोलून दाखवलं तेव्हा क्षणभर कुणी काही म्हणालं नाही, आणि मग सगळ्या एकदम बोलू लागल्या. प्रत्येकीचं गाव वेगळं, गोष्ट एकच. बसच्या दिवसांना आम्ही सगळ्यांनी गरिबीचे दिवस म्हणून आठवणीच्या कपाटात ठेवलं होतं. पैसे नव्हते हे खरंच आहे. पण हिशोब मांडला तर त्या दिवसांत घरातल्या दोघांकडे सारखंच वाहन होतं. पहिली गाडी आली ती घरात एकच आली, आणि तिनं नवरा-बायकोत फरक पाडला. तो मिटला दुसऱ्या गाडीनं. मधली वर्षं कुणाची दोन, कुणाची सात. त्या वर्षांचे फोटो आमच्याकडे फारसे नाहीत. कुठे गेलोच नव्हतो तर फोटो कशाचे असणार?

त्या मधल्या काळात अण्णा-आई पुन्हा आले, डायमंड बारला. खिशातली वेळापत्रकं त्यांनी मुंबईहून परत आणली होती, रबरबँडसकट. दोन दिवस टेकडीवरून खाली-वर चालून आले आणि मग ती त्यांनी बॅगेत ठेवून दिली. पुढचे पाच महिने ते शनिवारची वाट बघत राहिले. आपल्याकडच्या कितीतरी आई-वडिलांनी अमेरिकेला ‘छान आहे हो, पण करमत नाही’ असं सर्टिफिकेट दिलं. त्यांनी पाहिलेली अमेरिका म्हणजे बहुधा अशीच एखादी टेकडी होती.

दुसऱ्या गाडीचा रस्ता लायसन्स देणाऱ्या डी.एम.व्ही.च्या लेखी परीक्षेतून जात होता. ती सगळ्या एका दमात पास झाल्या, परीक्षा देण्यात आम्ही तयार. अवघड होतं ते नवऱ्याकडून शिकणं. तो शेजारच्या सीटवर बसून नसलेला ब्रेक दाबायचा. ‘अगं, मर्ज हो! मर्ज हो!’ ‘कुठे होऊ? जागा दे म्हणावं त्यांना!’ फ्रीवेवर शिरण्याच्या त्या पाव मैलात जितके संसार डळमळले तितके पैशांवरून डळमळले नसतील. शहाण्या बायकांनी पैसे भरून ड्रायव्हिंग स्कूल गाठलं. लायसन्स हातात पडलं त्या दिवशी एक मैत्रीण एकटी गाडी घेऊन निघाली आणि सरळ ग्रँड सेंट्रल मार्केटला गेली. पार्किंग शोधण्यात तिचा पाऊण तास गेला. ‘बसनं बरं होतं,’ असं तिनं आम्हाला फोन करून सांगितलं, पण पुन्हा बसनं कुणी गेलं नाही. नोकऱ्या लागल्या, मुलांचे पोहण्याचे नि पियानोचे क्लास सुरू झाले, आणि आम्ही पंधरा-वीस वर्षं इतरांच्या सारथी झालो.

ज्यांच्याशेजारी आम्ही बसलो होतो त्या बायका बसमध्येच राहिल्या. १९९४मध्ये मेट्रोनं भाडं वाढवून ४२ डॉलरचा महिन्याचा पास बंद करायचं ठरवलं, तेव्हा बस रायडर्स युनियन कोर्टात गेली. रेल्वेवर पैसा ओतायचा आणि बसमधल्या गरीब, काळ्या-तपकिरी प्रवाशांना उभं ठेवायचं हा भेदभाव आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९९६मध्ये तडजोड झाली. पास टिकला, आणि पुढची दहा वर्षं बसमधली गर्दी कमी करण्याचं बंधन मेट्रोवर आलं. पेपरात युनियनचे पिवळे शर्ट घातलेल्या बायकांचे फोटो यायचे. त्यात मी बाही उलटवणारीला शोधायचे. ती असेल किंवा नसेल, पण शिवणीची इतकी बारीक नजर असलेल्या बाईनं भाड्याचा हिशोब सोडून दिला असेल असं वाटत नाही.

आता गोष्टी उलट्या फिरल्या आहेत. पाम्सच्या त्या गवत वाढलेल्या रुळांच्या वाटेवरून २०१६पासून पुन्हा गाडी सांता मोनिकापर्यंत जाते. आमचा धाकटा तिथेच राहतो, एकच गाडी ठेवतो आणि तीही बहुतेक वेळा बायकोकडे असते. लाँग बीचची ब्लू लाइन आता ए लाइन झाली आहे. २०२३मध्ये डाउनटाउनखालचा बोगदा उघडल्यावर ती पासेडिनाच्या मार्गाला जोडली गेली, आणि २०२५च्या सप्टेंबरात पोमोनापर्यंत पोचली. पोमोना म्हणजे आमच्या डायमंड बारचं शेजारगाव. अण्णांचं लाँग बीच आणि माझी टेकडी यांच्यामधे आता गाडी बदलावी लागत नाही, दादर नसलं तरी चालतंय. ते पाहायला अण्णा नाहीत.

आणि आमच्या पिढीची लायसन्सं आता परतीला लागली आहेत. सत्तरीनंतर नूतनीकरणाला स्वतः जावं लागतं, डोळे तपासून घ्यावे लागतात. मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, तरी रात्री समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसतात म्हणून संध्याकाळचे कार्यक्रम आम्ही दुपारी ठेवू लागलो आहोत. दोन गाड्यांच्या गॅरेजमधली एक गाडी महिनोन्महिने हलत नाही. मुलं म्हणतात, उबर बोलवा. बोलावतोही. पण ज्यांना एकेकाळी दोरी ओढून वाटेल तिथे उतरायची सवय होती, त्यांना घरून निघतानाच कुठे उतरणार हे ठरवून टाकणं जिवावर येतं.

गेल्या महिन्यात भिशीला एकीनं तिचं टॅप कार्ड पर्समधून काढून दाखवलं. बासष्टच्या पुढच्यांना मेट्रोचं भाडं ७५ सेंट, आणि गर्दीच्या वेळा सोडून ३५. आम्ही सगळ्यांनी तोंडातल्या तोंडात हिशोब केला. १९८८च्या १ डॉलर १० सेंटांपेक्षाही स्वस्त, आणि गर्दीची वेळ टाळली तर वहिन्यांचे पन्नास सेंटही हरले. पोमोनाहून ए लाइननं सरळ डाउनटाउन, हिस्टॉरिक ब्रॉडवे स्टेशनला उतरायचं आणि चालत ग्रँड सेंट्रल मार्केट. तिथे आता कोरी कॉफी महाग मिळते म्हणतात, पण मिरच्या आणि पिलोनसियो आहेत, असं कार्डवाली खात्री करून आली आहे. पुढची भिशी तिथेच ठरली. पोमोना स्टेशनपर्यंत कोण सोडणार, एवढाच प्रश्न होता. नवरेमंडळींपैकी एकानं ‘मी सोडतो’ म्हटलं, तर त्याची बायको म्हणाली, नको, तुम्ही मर्ज होताना फार घाबरता. टेकडीच्या पायथ्याशी फूटहिल ट्रान्झिटच्या बसचा थांबा आहे. तिथपर्यंत उतारच आहे, गुडघ्यांना जमेल. येताना चढ लागेल, तर त्याची बोलणी नवऱ्यांशी चालू आहेत.